बिडी थांबायची तेव्हा

आमच्या गल्लीत प्रत्येक गोष्टीला उस्ताद आहे.
भोपळा ठोकून त्याचं वय सांगणारा,
लाकडातली गाठ अंगठ्यानं शोधणारा,
चपड्याचा हात मारताना श्वास धरून ठेवणारा.
माझ्या कामाला तेवढा नव्हता.
मोबाईल धरायचा, तंबोऱ्याचा फोटो काढायचा,
किंमत टाकायची
आणि वाट बघायची.

मिरजेत पूर्वी गिऱ्हाईक पायानं यायचं.
दोन चहा, तीन तास, एक तार छेडून जायचं,
पुढच्या महिन्यात पुन्हा.
आता ते बोटानं येतं
आणि बोटानंच निघून जातं, चपला न काढता.

म्हणून मी मेंटॉर घेतला.
चार हजार नऊशे नव्व्याण्णव, तीन हप्त्यांत.
पाठीमागं निळा दिवा, हातात पांढरा मग,
दर वाक्याला मला चॅम्पियन म्हणायचा.
म्हणाला, स्वतःवर विश्वास ठेवा.
ठेवला.
म्हणाला, पहाटे पाचला उठा.
मी साडेचारला उठते, नळ तेव्हाच येतो.
सगळंच खोटं नव्हतं, हेही लिहून ठेवते.
उजेड खिडकीचा घ्या, हे त्याचंच.
तेव्हापासून फोटोतलं लाकूड लाकडासारखं दिसतं.

पहिली ऑर्डर जबलपूरची.
मी तंबोरा गोधडीत गुंडाळला,
खोक्यावर चारी बाजूंनी लाल पेननं
'नाजूक' लिहिलं, दोनदा अधोरेखित.
नवव्या दिवशी परत.
खोका हलवला की आत
भोपळा खुळखुळ्यासारखा वाजत होता.
सरांना फोटो पाठवला.
उत्तर आलं : अपयश ही पहिली पायरी, चॅम्पियन.
खाली एक अंगठा.

बंदेनवाज चाचा रागावले नाहीत.
तुकडे सतरंजीवर मांडले,
तडा कुठून सुरू झालाय ते बघत बसले.
"उभा आपटलाय," म्हणाले, "आणि मान मोकळी होती."
मी म्हटलं, मला कुणी शिकवलंच नाही.
"मला तरी कुठं येतंय पार्सल?"

मग आम्ही दोघं कुरिअरच्या चौगुल्यांकडे.
चौगुल्यांनी मार्केट यार्डात धाडलं,
डाळिंबाच्या पेट्यांतल्या फोमच्या जाळ्या आणायला.
चाचांनी मानेखाली लाकडी टेकू बसवला,
तान्ह्या पोराची मान धरतात तसा.
दुसरा तंबोरा पोचला.
तिसऱ्याला भाडं कमी लावलं, अकराशे खिशातून गेले.
चौथ्याची बाई विचारायला लागली, वाजतो कसा?
तोवर मी फक्त फोटोच टाकत होते.
तंबोऱ्याचे.

एका संध्याकाळी चाचा जवारी लावत होते.
घोडीवर तारेखाली सुताचा दोरा
केसभर पुढं, केसभर मागं,
आणि मध्येच आवाज उमलतो, कुणी दार उघडल्यागत.
विचारलं, हे कुणी शिकवलं तुम्हाला?
"कुणी नाही. वालिद शेजारी बसून बिडी ओढायचे.
दोरा चुकला की बिडी थांबायची."
एवढंच?
"एवढंच. मग पुन्हा ओढायचे."

मेंटॉरचा पुढचा कोर्स मी घेतला नाही.
तो अजून मेसेज करतो, सणासुदीला सूट देतो.
त्याच्याकडे बोलणं भरपूर आहे.
थांबणं नाही.

परवा समडोळीचा शीतल मगदूम आला.
गुऱ्हाळ त्याच्या मामाचं, काकवी ऑनलाइन विकायचीय,
बाटलीचं लेबलसुद्धा करून आणलेलं.
ताई, मेंटॉर लागतोच का हो?
मी खिडकीकडे बघितलं, मग फोमच्या जाळ्यांकडे.
हो म्हणायचं होतं. नाही म्हणायचं होतं.
बिडी मला ओढता येत नाही.
म्हटलं, पहिलं पार्सल परत आलं की फेकू नको,
उघडूपण नकोस.
चिकट असलं तरी इथं घेऊन ये, दोघं बसून उघडू.

"आणि नाहीच आलं परत तर?"

तर काकवी आण.